हात लावू नये

मामांकडे गेल्यावर कुठे बसायचं हे आधी विचारावं लागतं. झोपाळ्यावर टेकलात की आतून आवाज येतो, "अरे, तो १९ नंबर आहे!" पाट ओढावा तर तो ५२. शेवटी आपण पायरीवर बसतो. तीही दगडी आहे म्हणून सुटली. मामांचा संग्रह फक्त लाकडाचा.

सुरुवात आजोबांची. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं, पुण्यात नदीकाठच्या पेठांतले वाडे बसले, आणि कोरीव खांब, महिरपी, केळफुलं चिखलासकट वखारीत येऊन पडली. आजोबा सायकलवरून जायचे आणि जळणाच्या भावाने एकेक तुकडा कॅरिअरला बांधून आणायचे. ते त्याला 'लाकडं' म्हणत. आजी म्हणे, "तुमच्या सरणाला पुरून उरतील." उरली. चौघा भावांत वाटणीची वेळ आली तेव्हा तिघांनी भिंती आणि जमीन पाहिली, मामांनी लाकडं पाहिली, आणि बँकेतून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की वाड्याचं संग्रहालय होणार. लाकडांचा 'संग्रह' झाला तो त्या दिवशी.

मामांचं दैवत म्हणजे काकासाहेब केळकर. घरापासून दहा मिनिटांवर त्यांचं वस्तुसंग्रहालय. वीस हजारांवर वस्तू, सगळं लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने. या माणसाने अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवले आणि सगळं सरकारला देऊन टाकलं, हे सांगताना मामांचा गळा दाटतो. लगेच पुढे, "पण फक्त लाकूड असं त्यांच्याकडे नाही हं." देव झाला तरी बरोबरी सुटत नाही, सदाशिव पेठ आहे.

संग्रहालयासाठी विश्वस्त संस्था काढली आणि विश्वस्त नेमले ते तिघे भाऊच. आम्हाला वाटलं, काय हे बंधुप्रेम! पुढे कळलं की संस्थेची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. बिल्डरची माणसं आता मामांकडे येत नाहीत, थोरल्या मामांकडे जातात, आणि थोरले मामा उसासा टाकून म्हणतात, "मी विश्वस्त आहे हो."

मामांचं खरं प्रेम मात्र ७ नंबरवर. ही दाराच्या चौकटीवरची गणेशपट्टी. पिढ्यान्‌पिढ्या दर लग्नकार्याला कुणीतरी तिला ऑइलपेंट फासलेला. मामांनी चार महिने बसून तो खरवडला: आधी निळा, मग हिरवा, मग पेढ्याच्या पेटीसारखा गुलाबी, आणि त्याखाली साग. गणपतीच्या दोन्ही बाजूंना पोपट निघाले. उजव्याच्या पायाला चार बोटं, डाव्याच्या तीन. यावर मामा तासभर बोलू शकतात. त्यांचं मत असं की चौथं बोट कोरायच्या वेळी सुताराला जेवायची हाक आली असणार. हे अगदी गंभीरपणे, पाहुण्याला भिंग देऊन सांगतात. खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं आहे.

रोज सकाळी मामी केर काढायच्या आधी मामांची फेरी असते. प्रत्येक खांबाखाली काळा कागद अंथरलेला. त्यावर पिवळट भुकटी पडली की समजायचं, आत किडा जिवंत आहे. सागाच्या गाभ्याला तो सहसा शिवत नाही, बाहेरचा पांढरा भाग खातो. एकदा कागदावर बरीच भुकटी दिसली. मामांनी ४१ नंबरला प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात वेगळं ठेवलं, दोन दिवस जेवणावरचं लक्ष उडालं. तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "अहो, तिथे उभं राहून मी बेसनाचा डबा झटकला होता."

प्रेक्षक येतात. शाळेची सहल आली तर मुलं विचारतात, "यातलं भूत कुठे असतं?" मोठी माणसं विचारतात, "केवढ्याला जाईल हो?" शंभर वर्षांपुढचं असेल तर देशाबाहेर नेता येत नाही, १९७२चा कायदा आहे, हे मामा न विचारताच सांगतात. गिऱ्हाईक मुलुंडचं असलं तरी.

दिवाळीत मात्र पेच पडतो. १४३ नंबर म्हणजे पणजीचा कोरीव लाकडी सोऱ्या. काचेच्या कपाटात, खाली पाटी: 'हात लावू नये'. मामींच्या मते पितळी सोऱ्याच्या चकलीला काटा येत नाही. गेल्या धनत्रयोदशीला त्या कपाटाची किल्ली मागायला आल्या. मामांनी किल्ली लगेच दिली नाही. त्यांनी आधी वही काढली, मामींची सही घेतली, आणि रिकाम्या जागी चिठ्ठी लावली: 'वस्तू तात्पुरती हलवली आहे'.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा पायरीवर बसून चकली खात होतो आणि मामा भिंग घेऊन सोऱ्या न्याहाळत होते. मग चष्मा वर ढकलून त्यांनी वहीत नोंद केली:

'क्र. १४३. परत. सुस्थितीत. आतल्या बाजूस भाजणीचे अंश.'