कलमकाका

नळ स्टॉपच्या सिग्नलला माझ्या गाडीला मागून एक रिक्षा टेकली. धडकली म्हणायला जीभ रेटत नाही. वर्गात बाकावरून कंपासपेटी पडावी तेवढाच आवाज झाला. मी उतरलो, रिक्षावाला उतरला, दोघं वाकून बंपर बघू लागलो, तोच आमच्या मध्ये तिसरं डोकं आलं.

"गाडी हलवायची नाही. आधी फोटो."

हे कलमकाका. नाव मीच ठेवलंय, पण हा वाण प्रत्येक चौकात निघतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं (पैकी एक लाल), हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारा शेपू. मोठा अपघात झाला की लोक धावतात, पोलीस येतात, तिथे यांना कोण विचारतो? यांचं राज्य पोचा आणि ओरखडा एवढ्यापुरतंच, पण तिथे मात्र चक्रवर्ती.

"मान दुखतेय?"

"नाही हो."

"आत्ता नाहीच दुखणार. उद्या सकाळी दुखेल, तेव्हा दाखवणार काय? आजच केसपेपर काढून ठेवा."

आणि खोटं कशाला सांगू, मान दुखायला लागली.

मागे हॉर्न वाजत होते. काकांनी त्यांच्याकडे पाठ करून मोटार वाहन कायदा, 1988 उघडला, म्हणजे तोंडानेच. "कलम 166 खाली दावा. पण सहा महिन्यांच्या आत. ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून आली. त्याआधी केव्हाही जाता यायचं." शेवटचं वाक्य त्यांनी 'पूर्वी हापूस शेकड्यावर यायचा'च्या चालीवर म्हटलं. "शिवाय कलम 164. चूक कोणाची ते बघतच नाहीत, सरळ अडीच लाख. फक्त दुखापत गंभीर हवी." मग कापड कमी पडल्यावर शिंपी बघतो तसं त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दात वगैरे हलतोय का एखादा?"

"एक हलतो. पण दिवाळीपासून."

"डॉक्टरांना दिवाळी सांगायची नाही. न्याय संहिता, कलम 116. हाड मोडलं किंवा दात निखळला, की गंभीर. नाहीतर मग पंधरा दिवस नेहमीची कामं बंद पडायला हवीत. दंडविधानात वीस होते." हे पाच दिवस जणू यांनीच घासाघीस करून सोडवून आणले होते. "तुम्ही करता काय?"

"निवृत्त आहे. सकाळी पेपर वाचतो."

"पंधरा दिवस वाचू नका."

रिक्षावाल्याचा चेहरा एव्हाना उतरला होता. काकांनी त्याला बाजूला घेतलं. मला वाटलं, दम देतायत. कान देऊन ऐकलं तर म्हणत होते, "तुझा थर्ड पार्टी विमा चालू आहे ना? मग घाबरतोस काय, पैसे कंपनी भरेल. आणि यांनी एकदम ब्रेक मारला म्हणून सांग. दोघांची चूक निघाली की यांची भरपाई तेवढ्या हिश्शाने कापतात."

"काका, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?"

"कायद्याच्या," ते म्हणाले.

यांना वकिलाकडून कमिशन मिळतं असं लोक म्हणतात. ते खोटं आहे. कमिशन घेणारा माणूस दोन्ही पक्षकार असे फुकट वाटून टाकत नाही.

बंपरचे गॅरेजवाल्याने फोनवर अठ्ठावीसशे सांगितले. मी विम्याचं नाव काढताच काकांनी लाल पेनाने तळहातावर हिशेब मांडला. क्लेम केला तर हजार रुपये सक्तीने माझ्याच खिशातून जाणार. राहिले अठराशे, आणि तेवढ्यासाठी पाच वर्षं जपलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस शून्यावर. "करू नका क्लेम," ते हळूच म्हणाले. मोठ्या वैद्याने शेवटी गरम पाणी प्या म्हणावं तसे ओशाळले होते. त्या दिवशीचा उपयोगी पडलेला सल्ला तेवढा एकच. रिक्षावाल्याने पाचशे दिले, चहा मी पाजला. काका तीनदा बजावत होते, "लिहून घ्या." आम्ही लिहून घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात काका. माझा पत्ता त्यांनी माझ्या लायसन्सवरून केव्हा टिपला देव जाणे. पिशवीत या खेपेला मानेचा पट्टा होता.

"घाला. बाहेर पडताना तरी घालत जा."

पट्टा जुना होता. कडा काळवंडलेल्या, चिकटपट्टी इतकी झिजलेली की मान हलवली की सुटायची.

"कोणाचा हो?"

"माझाच. 2013. टिळक रोडला मागून स्कूटर आली होती."

"मग दाव्याचं काय झालं?"

"चालू आहे."

मी चहाचं विचारलं, ते नको म्हणाले. एक जिना उतरून गेले आणि तिथूनच वर मान करून ओरडले, "सोमवारपर्यंत परत द्या हां तो. मंगळवारी तारीख आहे माझी."