चॅनलभाऊ

मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की नागपुरात कूलर ही चैन राहत नाही, आणि कूलर आला की लोखंडी स्टँड आलाच. बाजारात तो हलक्या अँगलचा, चार ठिकाणी वेल्ड मारलेला मिळतो. नंदनवनातल्या आमच्या शेजारच्या भाऊंनी तो घरीच केला, तोही 75 बाय 40 च्या चॅनलचा. हा चॅनल फुटाला दोन किलोच्या वर भरतो. त्या स्टँडवर गच्ची टेकवता आली असती. पुढे तीन कूलर गंजून भंगारात गेले, स्टँड जागचा हलला नाही, कारण तो हलवायला माणसंच तयार होत नाहीत. "आम्ही जाऊ एक दिवस, हा इथंच राहील," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. तेव्हापासून गल्लीत ते चॅनलभाऊ.

जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल भाऊंचा एकच आक्षेप असतो: "मजबुती नाही." तुळशीच्या कठड्यापासून नातवाच्या सायकलच्या कॅरिअरपर्यंत सगळं त्यांनी मजबूत करून टाकलं. नातू आता पायी शाळेत जातो.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून त्यांनी एक जुनी महिंद्रा एमएम 540 घेतली. 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन, चारही चाकांना जोर, बॉडी मात्र गंजून जाळी झालेली. "हिले जंगलाची गाडी बनवतो," भाऊंनी जाहीर केलं. लोक इतवारीत सराफ्यात जातात, भाऊ लोहाओळीत जाऊ लागले. टरबूज वाजवून पाहावं तसा प्रत्येक पाइप बोटानं वाजवायचे, कानाशी न्यायचे, मान हलवून परत ठेवायचे. दुकानदार त्यांना चहा पाजायचे, कारण पातळ माल दाखवला तर ते रागावतात हे त्यांना ठाऊक झालं होतं.

वेल्डिंगचं मशीन पोर्चमध्ये मांडलं. भाऊंनी रॉड टेकवला की गल्लीतले पंखे मंदावायचे, मालिकेतल्या सुना अंधारात जायच्या. लोक तक्रार घेऊन यायचे ते भाऊंच्याच दारात. काच वर करून भाऊ नोकरीतल्याच आवाजात सांगायचे, "फॉल्ट शोधणं सुरू आहे." आणि काच खाली.

आता वेल्डिंगची एक गोष्ट सांगायलाच हवी. सोळा गेजचा पत्रा म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरच्या वर. त्याला जाड रॉडनं, मशीन वाढवून जोडायला गेलं की भोक पडतं. म्हणून कारागीर बारीक रॉड घेतो, करंट उतरवतो, एक टाका इथं, एक तिथं असं करत पत्रा थंड होऊ देतो. नाहीतर पत्रा वाकतो, झोल येतो. हे सगळं भाऊंना तोंडपाठ आहे. पण पहिलं भोक पडल्यावर त्यांनी निष्कर्ष वेगळाच काढला: "पत्राच पातळ आहे बे!" मग पाच मिलिमीटरचा आणला. पाच मिलिमीटरचा एक चौरस मीटर पत्रा जवळजवळ चाळीस किलो भरतो. दारांना बिजागऱ्या लावायच्या तर गाडीच्या चालेनात, शेवटी फाटकाच्या लावल्या. दार बंद केलं की पलीकडच्या घरातली भांडी वाजतात.

मी एकदा सहज मोटार वाहन कायद्याचं कलम 52 काढलं. मूळ गाडीत असे बदल करून ती रस्त्यावर आणता येत नाही, जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच सांगितलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर रस्त्यावर आणूनच नाही राह्यलो." गाडी काटोलकडे साळ्याच्या संत्र्याच्या बागेत राहणार, कुंपणाच्या आतच फिरणार, असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. कायद्याच्या बाबतीत भाऊ चॅनलइतकेच सरळ.

त्यांना खरी टोचणी होती ती सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांची. लोहारांनी भंगारातून, सुमारे साठ हजारांत, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप केली. आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि जानेवारी 2022 मध्ये बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. "साठ हजारात तर माझा पुढचा बंपरबी होत नाही," भाऊ म्हणायचे. ही कौतुकाची गोष्ट आहे असा त्यांचा प्रामाणिक समज होता. पुढे त्यांनी घरात ताकीदही देऊन ठेवली, की महिंद्रांचा फोन आलाच तर गाडी देणार नाही म्हणून स्पष्ट सांगायचं. फोन अजून आलेला नाही, पण वहिनींना उत्तर पाठ आहे.

पावसाळा लागल्यावर गाडी टेम्पोत चढवून काटोलला न्यायची ठरली. टेम्पोवाल्यानं आधी टायर पाहिले, मग भाऊंकडे पाहिलं आणि वाटेत मुकाट्यानं धर्मकाट्यावर घेतलं. काटेवाल्यानं विचारलं, "जीपमध्ये माल काय आहे?"

"रिकामी आहे."

काटेवाल्यानं उठून आत डोकावून पाहिलं.

विदर्भातली काळी माती पावसात कुणाची भीड ठेवत नाही. जितकं वजन जास्त तितकं चाक खोल. चारही चाकांचा जोर लागला, म्हणजे चारही चाकं सारखीच रुतली. बागेच्या पहिल्याच वळणावर गाडी धुऱ्याशी अशी बसली की फाटकाच्या बिजागऱ्यांचं दार उघडेना. भाऊ वरच्या पाइपांतून बाहेर आले. शेवटी शेजारच्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर बोलावला. तोही महिंद्राच, बहुधा आपल्या हिंगण्याच्याच कारखान्यातला. साखळी भाऊंच्या पुढच्या हूकात अडकवली. ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली, साखळी ताणली, गाडी इंचाइंचानं निघाली. आम्ही सगळे भाऊंची नजर चुकवत होतो. भाऊ मात्र गुडघाभर गाऱ्यात उभे राहून हूकाकडे पाहत होते.

"पाह्यला? जराबी वाकला नाही!"

ट्रॅक्टरवाला खाली उतरला. त्यानंही हूक हातानं चाचपून पाहिला. "भाऊ, असा एक मलेबी बनवून द्या ना."

भाऊंनी खिशातून टेप काढला आणि ट्रॅक्टरपुढे वाकून माप घ्यायला लागले. "हूकच कायले बाप्पा? पूर्ण बंपरच लावून देतो. चॅनलचा."