लाल ठिपक्यांचा टोल

तिशी ओलांडली की अनेकांच्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटू लागतात. डॉक्टर त्यांना ‘चेरी अँजिओमा’ म्हणतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत, कर्करोगात बदलत नाहीत. अशा निरुपद्रवी रहिवाशांना हुसकावण्यासाठी कर्जतहून मुंबईची लोकल किंवा पुण्याची गाडी पकडणाऱ्या नागरिकांचे जाहीर अभिनंदन! ‘काही करू नका’ हा सल्ला फुकट असतो, म्हणून तो कुणाला पटत नाही. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर किरण पटतो. दर कुठे ठिपक्यामागे, कुठे बैठकीमागे. विमा कंपनी सहसा याला आजार मानत नाही. सरकार सौंदर्योपचार मानून जीएसटी लावते. दोघांचेही बरोबर.

मग इथेच का थांबावे? खालापूर टोलनाक्यावर गाड्यांबरोबर प्रवाशांचे ठिपकेही मोजावेत. पाठीवरच्यांना सवलत द्यावी. ते मालकालाच दिसत नाहीत. आणि माथेरान? वाटा लाल, धूळ लाल. तेही निरुपद्रवी, म्हणजे उपचारास सर्वथा पात्र. निविदा निघावी.

त्याच डोंगराच्या कुशीतल्या, रस्ता नसलेल्या वाड्यांतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणतात. झोळीवर जीएसटी नाही.