अनुभव एक वर्षाने जास्त

बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्रात पावसाच्या आधी सल्ल्यांची सर येऊन जाते. आमच्या घरात या कामाचं खातेवाटप ठरलेलं आहे. पैशाचा सल्ला थोरले काका देतात, तब्येतीचा आत्या देते आणि कॉलेजचा मी. माझी नेमणूक गुणवत्तेवर झालेली नाही. तीन वर्षांची बी.एस्सी. मी चार वर्षांत पुरी केली, त्यामुळे घरातल्या बाकी पदवीधरांपेक्षा माझा अनुभव एक वर्षाने जास्त भरतो, एवढाच निकष. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी आली, तेव्हा मी घरात सांगून पाहिलं की, बघा, मी काळाच्या पुढे होतो. वडील पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "पुढे नव्हतास, मागे राहिला होतास."

यंदा भाचा पुण्याला निघालाय. बहिणीने फोनवर फर्मावलं, "दादा, याला चार शब्द सांग. फक्त तू जे केलंस ते सांगू नकोस." आता ते वगळलं तर माझ्याकडे उरतं काय? नीट अभ्यास कर, वेळेवर झोप, संगत बघून धर, हे सांगायला काका-आत्या समर्थ आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. कॉलेजात नवी पोरं अभ्यासामुळे बुडतात हा गैरसमज आहे. ती बुडतात मेसमध्ये, ऑफिसच्या खिडकीसमोर आणि हजेरीपटात. अभ्यासाचा नंबर फार नंतर लागतो.

मेसपासून सुरुवात करू, कारण माझीही तिथूनच झाली. १९९३ साली तालुक्याच्या गावाहून ट्रंक घेऊन मी स्वारगेटला उतरलो आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. कॉट बेसिस म्हणजे खोली चौघांची, खिडकी मालकांची आणि आपली फक्त कॉटखालची ट्रंकेपुरती जागा. पहिल्या रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट होती. श्रीखंड, पुरी, मसालेभात. आईने निघताना बजावलं होतं, परक्याच्या घरी अधाशासारखं जेवू नकोस. मी दोन पुऱ्यांवर ताटावर आडवा हात धरला. शेजारी शेवटच्या वर्षाचा एक मुलगा वाटीमागून वाटी श्रीखंड रिचवत होता. मला त्याच्या संस्कारांची काळजी वाटली. रात्री आठला मेसवर गेलो तर दाराला कुलूप. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी रात्री बंद असतात, ही गोष्ट माझ्याखेरीज सगळ्या शहराला ठाऊक होती. तो मुलगा दुपारी जेवत नव्हता, साठा करत होता. मी त्या रात्री आईने दिलेलं मेतकूट नुसतं चाटून संस्कार टिकवले.

मेसचा दुसरा धडा खाड्याचा. आदल्या दिवशी सांगितलं नाही तर खाडा धरत नाहीत, आणि सांगितला तरी सलग ठरावीक दिवसांचा नसेल तर पैसे वजा होत नाहीत. हे मला दिवाळीनंतर बिल हातात पडल्यावर समजलं. मी गावी फराळाला बसलो होतो, तेव्हा पुण्यात मेसमध्येही माझी दोन वेळची जेवणं व्यवस्थित चालू होती.

पुस्तकांच्या बाबतीत मात्र मी फार हुशारी केली. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं घेतली, निम्म्या किमतीत. घेतल्यावर कळलं की त्याच वर्षी अभ्यासक्रम बदललाय. जी दोन पुस्तकं चालण्यासारखी होती, त्यांत आधीच्या मालकाने लाल पेनाने खुणा केल्या होत्या. महत्त्वाचं तेवढं आयतं हाताशी आलं म्हणून मी फक्त खुणांचं वाचलं. तो मालक त्याच विषयात नापास झाला होता, ही माहिती पुस्तकात कुठेही नव्हती. जुनी पुस्तकं जरूर घ्या, पण आधी चालू अभ्यासक्रम हातात घेऊन दुकानात शिरा.

आता खिडकी. एस.टी.च्या सवलतीच्या पाससाठी बोनाफाइड हवं होतं. ऑफिसात दोन रांगा होत्या. मी छोटी निवडली. तासाभराने खिडकीशी पोचलो, तर आतल्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, "दाखला न्यायचाय?" बोनाफाइड हाही दाखलाच, म्हणून मी "हो" म्हणालो. त्यांनी फॉर्म सरकवला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'कॉलेज सोडण्याचे कारण'. इथे कुठल्याही शहाण्या माणसाने म्हटलं असतं, माफ करा, रांग चुकली. पण मागे पंचवीस जण उभे होते आणि त्यांच्यासमोर खेडवळ ठरण्यापेक्षा मला कॉलेज सोडणं सोपं वाटलं. पुढच्या मुलाने लिहिलेलं मला दिसलं होतं, तेच मीही लिहिलं. 'घरगुती अडचण'.

दाखल्याआधी नादेय प्रमाणपत्र लागतं. म्हणजे ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा या सगळ्यांची सही, की या मुलाकडे आमचं काही येणं नाही. मी सह्या गोळा करत निघालो. ग्रंथपालांनी लगेच सही केली, कारण मी अजून एकही पुस्तक नेलं नव्हतं. जिमखान्यात तर हा कोण म्हणून विचारपूससुद्धा झाली नाही. कॉलेजच्या सगळ्या इमारती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. शेवटी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई काकांनी कागद उलटसुलट करून विचारलं, "ऑगस्टमध्ये आलास आणि ऑगस्टमध्येच चाललास? घरी काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, पास काढायचाय." काकांनी कागदाचे चार तुकडे केले, मला हाताला धरून दुसऱ्या रांगेत नेऊन उभं केलं आणि क्लार्कला सांगितलं, "याला बोनाफाइड द्या, नाहीतर हा पदवीसुद्धा परत करून येईल." तेव्हापासून माझं मत आहे की नव्या कॉलेजात पहिली ओळख शिपाई काकांशी करावी. प्राचार्यांशी नंतर केली तरी चालते.

आता खिडक्या मोबाइलमध्ये गेल्यात, पण रांग तीच आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा, पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येणार. खातं जोडलेलं नसेल तर अर्ज मंजूर होऊनही पोरगं मित्रांकडे उसनवारी करत फिरतं. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून निघतो आणि तहसील गावाकडे असते. तेव्हा असले कागद गावाहून निघण्याआधीच काढून ठेवावेत आणि प्रत्येकाच्या झेरॉक्स ट्रंकेत टाकाव्यात.

हजेरीचं माझं प्रकरण जरा नाजूक आहे. परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. माझा रूममेट सकाळी उठत नसे, म्हणून त्याची प्रॉक्सी मी लावायचो. आमचे रोल नंबर लागोपाठ होते. त्याचा नंबर आला की मान खाली घालून, आवाज जाड करून मी "येस सर" म्हणायचो. त्या अभिनयात इतका रंगायचो की पाठोपाठ पुकारलेला माझा स्वतःचा नंबर निसटून जायचा. टर्म संपताना डिफॉल्टरांची यादी लागली. त्यात माझं नाव होतं, त्याचं नव्हतं. त्याने मला बरंच समजावलं की हजेरीकडे असं दुर्लक्ष करू नये.

त्यानंतर जर्नल. दर आठवड्याला केलेला प्रयोग त्याच आठवड्यात लिहायचा असतो. मी परीक्षेच्या आदल्या रात्री एका सीनियरचं जर्नल आणून अक्षरशः उतरवून काढलं, तारखांसकट. सरांनी पहिलं पान पाहिलं आणि विचारलं, "सप्टेंबर ९२ मध्ये तू कुठे होतास?"

"बारावीत, सर."

"मग हे टायट्रेशन कुणी केलं?"

जर्नल सर्टिफाय झालं नाही, प्रॅक्टिकल हुकलं, एटीकेटी लागली आणि तो विषय पुढे सरकत सरकत चौथ्या वर्षापर्यंत माझ्यासोबत आला.

या सगळ्या काळात वर्गात मला एकदाही शंका आली नाही. सर इंग्रजीत शिकवून "एनी डाउट?" म्हणायचे आणि मी आत्मविश्वासाने नकारार्थी मान हलवायचो. शंका यायला आधी थोडं कळावं लागतं. एकदा लातूरकडची एक मुलगी उभी राहिली आणि मराठीत म्हणाली, "सर, पहिल्यापासूनच कळलं नाही." सर हसले, खडू उचलला आणि सगळं मराठीतून पुन्हा सांगितलं. वर्गभर पेनं उघडल्याचा आवाज झाला. इंग्रजी माध्यमाच्या बाकांवरूनही. आम्ही सगळेच कळल्याचं नाटक करत होतो. फरक एवढाच की ती तीन वर्षांत सुटली.

एका बाबतीत मात्र भाच्याला मी हसत सांगणार नाही. सीनियरने त्रास दिला तर मोठेपणाने सोसायचं नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. नंबर पाठ नसेल तर घरी फोन करावा, पण गप्प बसू नये.

बाकी पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला, जिथे कुठे जाल तिथे खाड्याचा नियम पैसे भरण्याआधी विचारा, जर्नल त्याच आठवड्यात लिहा, प्रॉक्सी लावू नका आणि रविवारी दुपारी पोटभर जेवा. रांगेत उभं राहण्याआधी ती कसली आहे ते विचारा. विचारायचं राहिलंच तर निमूट बाहेर या. चुकलेल्या रांगेतून बाहेर पडायला कुणाचीही सही लागत नाही.