अठरा डिग्रीवाल्या साहेबांना

मु. पो. कळवण, जि. नाशिक
(सध्या रजेवर)

चौदाव्या मजल्यावरचे साहेब,


दुबई सोडून गावी आलो तरी तुमची मेल पाठ सोडत नाही. 'छतातून पुन्हा पाणी. टेक्निशियनला काम येत नाही, बदला.' कॉपी मॅनेजमेंटला, कॉन्ट्रॅक्टरला आणि (कशासाठी कोण जाणे) सिक्युरिटीलाही.

साहेब, ते पाणी छताचं नाही, हवेचं आहे. दुबई वाळवंटात असली तरी समुद्राला लागून आहे. ऑगस्टात रात्रीसुद्धा बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते. तीच हवा तुम्ही बाल्कनीचं दार उघडं टाकून घरात घेता आणि एसीचा थर्मोस्टॅट लावता अठरावर. छतातल्या गार ग्रिलवर थेंब धरणारच. यात टेक्निशियनने काय बदलायचं, सृष्टीचा नियम? शिवाय अठरा लावल्याने खोली लवकर गार होत नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये एसीत गार पाणी सोडणारा व्हॉल्व्ह एकतर उघडा, नाहीतर बंद. चोवीसला जेवढं चिल्ड वॉटर येतं तेवढंच अठराला येतं, फक्त थांबायचं नाव घेत नाही.

तुम्ही सटाण्याचे, म्हणजे माझ्या शेजारच्या तालुक्यातले. आपल्याकडे कांद्याची चाळ बांधतानासुद्धा हवा कुठून येणार, कुठून जाणार ते आधी बघतात. ओल धरली की माल सडतो, हे चाळीवरच्या शाळकरी पोरालाही कळतं.

फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो, ते माफ. ठेचा मलाही लागतो. १६ एप्रिल २०२४ला, अमिरातीत १९४९पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला तेव्हा आम्ही बेसमेंटच्या पाण्यात पंप ओढत होतो आणि तुम्ही लिफ्टची तक्रार नोंदवलीत, तेही सोडा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, उन्हात काम करायला तिथे बंदी आहे. तुमचा फोन नेमका एकला येतो, 'गच्चीवर कोणी का जात नाही?'

पण त्या टेक्निशियन पोराला का भरडलंत? त्याने शिडीवर आडवं होऊन ड्रेन पॅन धुतला, लाइन मोकळी केली, फिल्टर झटकले. आणि जाताना म्हणाला, 'सर, दार बंद ठेवा.' हाच त्याचा गुन्हा ना? तुमच्या मेलवर त्याचा पगार कापला. तुम्ही हॉटेलात एका जेवणाला उडवता तेवढा! लाज वाटायला हवी होती.

दार कोण उघडतं ते मला माहीत आहे. मागे वर आलो तेव्हा तुमचे वडील दारातच खुर्ची टाकून बसले होते, निम्मे आत, निम्मे बाहेर. 'कोंडल्यासारखं होतं रे,' म्हणाले आणि लगेच कांद्याचा भाव विचारला. त्यांना 'दार लावा' म्हणणं तुम्हाला जमत नाही. माझे वडील असते तर मलाही जमलं नसतं.

तेव्हा असं करा. ते बसतील तेवढा वेळ त्या खोलीचं युनिट बंद ठेवा, मधलं दार ओढून घ्या, बाल्कनी खुशाल उघडी राहू द्या. आणि ती मेल मागे घ्या. कॉपी सगळ्यांना, सिक्युरिटीलाही.

आपला,
रजेवरचा फॅसिलिटी इंजिनिअर