बोलत बोलत पळणारे अण्णा

अण्णांनी पळणं सोडलं, तेव्हापासून त्यांचा वेग सारखा वाढतोय. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ साली सुरू झाली, तेव्हा त्यांनी नुकतीच पन्नाशी ओलांडली होती. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेनं परत यायचं, असे एकवीस किलोमीटर. अण्णांनी ते पावणेतीन तासांत केले. प्रमाणपत्रावर तसं छापलंय, आणि प्रमाणपत्र काकूंच्या ताब्यात आहे. पुढं गुडघ्याची गादी फाटली, पळणं थांबलं, आणि पावणेतीनाचे अडीच झाले. मग अँजिओप्लास्टी झाली. घरात बसून होते तेवढ्या काळात अडीचाचे सव्वादोन. डॉक्टरांनी आणखी वर्षभर विश्रांती सांगितली असती, तर केनियाच्या पोरांचं काही खरं नव्हतं.

साठी उलटल्यावर पुन्हा बूट चढवणारी माणसं आता सगळ्याच गावांत दिसतात. साताऱ्यात जरा जास्त, कारण इथं सपाट रस्ता कमी आणि जिद्द फार. (बाहेरगावचे लोक तिला हट्ट म्हणतात.) पहाटे समर्थ मंदिराकडून वर निघालात की ती लगेच ओळखू येतील. अंगात जुन्या स्पर्धेचा टी-शर्ट, जो खांद्याला बसतो पण पोटाला बसत नाही. गुडघ्यावर पट्टा. कमरेच्या पाऊचमध्ये घराची किल्ली, आधार कार्डाची झेरॉक्स आणि जिभेखाली ठेवायची गोळी.

यांच्यातही पायऱ्या आहेत. बायपासवाले सर्वांत वर. टी-शर्टचा गळा जरासा खाली ओढला की त्यांचं काम भागतं. त्यांच्याखाली गुडघेवाले, कारण दाखवायला निदान एमआरआय तरी असतो. अण्णांची अँजिओप्लास्टी झाली मनगटातून. तिथल्या रोहिणीतून तार वर नेली, अडलेली जागा फुग्यानं मोकळी केली, जाळी बसवली आणि दोन-तीन दिवसांत घरी सोडलं. मनगटावर डास चावल्याएवढा ठिपका राहिला. अण्णा तो प्रत्येकाला दाखवतात. समोरचा चष्मा लावतो, मनगट उजेडाकडं धरतो आणि विचारतो, “कुठंय?” एवढा खर्च करून दाखवायला काही नाही, याचं अण्णांना आजारापेक्षा जास्त वाईट वाटतं.

पळायची परवानगी देण्याआधी डॉक्टरांनी टीएमटी करायला लावली. सरकत्या पट्ट्यावर चालायचं. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. छातीला लावलेल्या वायरी हृदयाचं काय चाललंय ते कागदावर काढत राहतात. ताण आल्यावर कुठं काही बिघडतंय का, एवढंच बघायचं असतं. अण्णांनी ती स्पर्धा समजली. पट्ट्यावर चढल्या चढल्या तिथल्या मुलीला विचारलं, “ताई, आज सकाळपासून सगळ्यात जास्त वेळ कोण टिकलं?”

“काका, छातीत दुखलं तर लगेच सांगा,” ती म्हणाली.

अण्णांना हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. रिपोर्ट चांगला आला, पण त्यात कितवा नंबर ते लिहिलेलं नाही, ही तक्रार अजून आहे.

मग मुलानं वाढदिवसाला नाडी मोजणारं घड्याळ दिलं, आणि कुणीतरी हिशेब शिकवला: २२० मधून वय वजा करा, राहील तो नाडीचा वरचा आकडा. चौसष्ट गेले, उरले १५६. पहिल्याच दिवशी घाटात अण्णांचा भाता सुरू, चेहरा लालबुंद, आणि घड्याळात १०८. अण्णांनी त्याच रात्री व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर जाहीर केलं की आपलं हृदय मुळातच खेळाडूचं आहे. पुढच्या तपासणीला हा शोध डॉक्टरांच्या कानावर घातला. ते म्हणाले, “अण्णा, ते हृदय नाही, गोळी आहे. तुम्हाला बीटा ब्लॉकर चालू आहे, तो नाडी वर जाऊच देत नाही. तो २२० चा हिशेब तुमच्या कामाचा नाही.”

“मग किती जोरात पळायचं?”

“बोलता येईल इतपतच. अख्खं वाक्य धाप न लागता बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी करायचा.”

सल्ला शास्त्रशुद्ध आहे, जगभर देतात. पण डॉक्टरांची अण्णांशी ओळख फक्त ओपीडीतली, आणि तिथं बाहेर रांग असते. ज्या माणसाच्या शेजारची खुर्ची लग्नाच्या पंगतीत शेवटपर्यंत रिकामी राहते, त्याला त्यांनी बोलणं औषध म्हणून लिहून दिलं. रोज, सकाळी, उपाशीपोटी. बोलायचं म्हणजे ऐकणारा लागतो. मी त्याच गल्लीत राहतो.

औषधाचा दुसरा भाग अण्णांना जास्त कडू गेला. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, आणि आठवड्यागणिक चालणं कमी करत न्यायचं. यामागचं कारण साधं आहे. दम त्या मानानं लवकर परत येतो. टाच, पोटरी, गुडघा यांना फार वेळ लागतो. परत आलेला माणूस दमाच्या भरवशावर सुटतो आणि टाचेपाशी आडवा होतो. अण्णांना पळण्याचं मिनिट जमतं. चालण्याची दोन मिनिटं जमत नाहीत, कारण ती लोकांना दिसतात.

म्हणून घड्याळ वाजलं की अण्णा आधी रस्ता न्याहाळतात. ओळखीचं कुणी नसेल तर चालतात. असेल तर बुटाची लेस बांधायला वाकतात. चालताना दिसलो तर संपलो, लेस बांधताना दिसलो तर नुसती अडचण, असं त्यांचं गणित. लेस सुटलेली नसतेच, आधी ती सोडायची, मग बांधायची, तोवर समोरचा “काय अण्णा!” म्हणून पुढं जातो. रविवारी घाटात सगळं गाव लोटतं. अशाच एका रविवारी वाकून उठताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि पंधरा दिवस गेले. पळण्यानं नव्हे, पळत नसल्याचं लपवताना झालेली दुखापत मी तरी हीच पाहिली.

घाटाखाली भरतीची पोरं-पोरी भेटतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, त्याची तयारी चालते. त्यातल्या एका मुलीनं अण्णांना अदबीनं विचारलं, “काका, तुम्ही कशासाठी पळता?” अण्णांनी फौजा सिंगांपासून सुरुवात केली. २०११ साली टोरोंटोत या गृहस्थांनी शंभराव्या वर्षी पूर्ण मॅरेथॉन पुरी केली; जन्माचा दाखला नव्हता म्हणून गिनेसनं नोंद घेतली नाही. “आमच्याकडं दाखला आहे,” अण्णा म्हणाले. “नगरपालिकेचा. शिक्क्यासकट.” आता फक्त शंभर वर्षं आणि बेचाळीस किलोमीटर एवढंच बाकी आहे. मुलगी तोवर वळणापलीकडं गेली होती.

काकूंचं मत वेगळं आहे. “यांचं पळणं सहाला सुरू होतं आणि रात्री निजेपर्यंत संपत नाही,” असं त्या म्हणतात. येताना दूध आणायला मात्र रोज सांगतात, आणि साडेसात वाजले की फाटकाशी येऊन उभ्या राहतात. दुधासाठी, असं त्यांचं म्हणणं.

परवा पावसाची भुरभुर होती, घाटात धुकं उतरलं होतं, समोरून कुणी येतंय का तेही दिसत नव्हतं. म्हणजे लेसची गरज नाही. अण्णा खात्यातली त्यांची बढती कुणी खाल्ली ते सांगत होते. माणसाचं नाव येणार, एवढ्यात चढ लागला आणि अण्णा गप्प झाले. मला आधी बरं वाटलं. मग डॉक्टरांचा नियम आठवला.

“अण्णा, बोला काहीतरी,” मी म्हणालो.

उत्तर नाही. पाय चालूच.

“अहो, ती बढती! कुणी खाल्ली?” ज्या गोष्टीपासून मी वर्षभर पळत होतो, ती ऐकायला मी आता भर पावसात हात जोडत होतो.

अण्णांनी एक बोट वर केलं. थांब. घड्याळ वाजलं. अण्णा चालू लागले, सरळ, उघडपणे, दोन्ही हात कमरेवर ठेवून. चार लांब श्वास घेतले, घसा खाकरला आणि म्हणाले, “पहिल्यापासून सांगतो.”