डोंग्याचा सातबारा

आमच्या मोठ्या बाबांनी मागे काय ठेवलं? दोन डोंगे, दोन मोटरी, आणि कागद एकही नाही. बाकी जे होतं ते गोसीखुर्दच्या बुडीत क्षेत्रात गेलं. राजीव गांधींनी १९८८ साली त्या धरणाची पायाभरणी केली आणि पुढे यथावकाश आमचं पवनी तालुक्यातलं गाव वैनगंगेच्या पोटात शिरलं. घर गेलं, विहीर गेली, बांधावरचे आंबे नि मोहाची झाडं गेली. या सगळ्यांची रीतसर मोजणी झाली, पंचनामे झाले, मोबदल्याच्या याद्या लागल्या. डोंगे तेवढे कोणी मोजले नाहीत. मोजणार तरी कसे? अख्ख्या गावात न बुडणारी वस्तू तेवढीच होती.

मोठे बाबा लग्नावाचून राहिले. त्यामुळे डोंगे आम्हा पुतण्यांकडे आले. म्हणजे माझ्या अंगणात आले, कारण बाकीच्यांच्या अंगणात कार होत्या. तिथं ते कित्येक पावसाळे उपडे पडून राहिले. मग एक दिवस नागपूरचे एक गृहस्थ आले. धरणाच्या पाण्यावर पर्यटकांना फिरवायचा त्यांचा बेत होता. त्यांनी डोंगे ठोकून पाहिले, मोटरींवरचं पोतं वर करून पाहिलं, भाव बोलले आणि निघता निघता म्हणाले, "पेपर क्लिअर आहेत ना?"

इथं माझी छाती फुगली. मी आयुष्यभर एका सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत बसलो. 'मूळ प्रत जोडलेली नाही, सबब परत' हा शेरा माझ्या हातून इतक्यांदा लिहिला गेला की एकदा वाण्याच्या यादीवरही पडला होता. कागद उभा करणं म्हणजे माझ्या हातचा मळ. "होऊन जाईल," मी म्हटलं, आणि नवी फाइल घेऊन तिच्यावर झोकदार अक्षरात लिहिलं: 'विषय : डोंगे नग दोन व मोटरी नग दोन, वारस नोंदीबाबत.' त्या फाइलीत पुढे बरंच काही जमा झालं. मालकीचा पुरावा सोडून.

पहिले आमचे तलाठीबुवा. माणूस सज्जन. त्यांनी समजावून सांगितलं की सातबाऱ्यावर झाडं चढतात, विहीर चढते, बँकेचा बोजा तर हमखास चढतो. डोंगा चढत नाही. मग वकीलसाहेब. त्यांना मी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितलं. त्यांनी १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा काढला. हे प्रमाणपत्र मयताचं येणं आणि रोखे यांच्यासाठी असतं.

"डोंगा हे कुणाकडून येणं आहे का?"

"नाही."

"शेअर, बाँड, असं काही?"

"नाही."

"तुमच्या अंगणात आहे ना? मग बसा की त्याच्यात." एवढ्या सल्ल्याची फी घेतली. पावती मी फाइलीला लावली.

तिथून मी वाहनांची नोंद करणाऱ्या कार्यालयात गेलो. मनात डोंग्याच्या नाकावर 'एमएच ३६' रंगवूनही झालं होतं. खिडकीतल्या बाईंनी एकच विचारलं, "रस्त्यावर चालतो का?" कारण मोटार वाहन कायद्यात वाहन म्हणजे रस्त्यावर चालवण्याजोगं. मी हजरजबाबीपणाने सांगितलं की चाललाय. ऑगस्ट २०२० च्या महापुरात वैनगंगा वस्तीत शिरली तेव्हा हाच डोंगा आमच्या डांबरी रस्त्यावरून माणसं काढत होता. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "मग काका, तेव्हा आणायचा होता."

इतकी चोख त्रुटी मला उभ्या नोकरीत काढता आली नव्हती. मी नमस्कार करून बाहेर पडलो.

शेवटी मी खरा कायदा शोधून काढला. १९१७ चा एक होता, मुळात वाफेच्या बोटींसाठी केलेला. त्याच्या जागी आता अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ आला आहे. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, मुख्यालय मुंबईला. आता पाहा, वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून येते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते, गोदावरीत जाते. म्हणजे माझ्या डोंग्याखालचं पाणी जाणार बंगालच्या उपसागराला आणि त्याचा अर्ज जाणार अरबी समुद्राला. मधल्या मध्ये मी, भंडाऱ्यात, झेरॉक्सच्या दुकानापुढे.

हा कायदा वाचताना मला घाम फुटला. त्यात यंत्राने चालणारं जलयान वेगळं आणि वल्ह्याने चालणारं वेगळं. यंत्रवाल्याला सर्वेक्षण, मग नोंदणी, मग अंगावर ठळक क्रमांक. वल्हेवाल्याची नोंद गावपातळीवर, स्थानिक स्वराज्य संस्थेकडे सोपवता येते. म्हणजे मोटर काढून ठेवली की माझा डोंगा ग्रामपंचायतीचा, आणि मागे मोटर लटकवली की तो थेट जहाजांच्या पंगतीत. मी अर्थातच जहाजाची बाजू घेतली. गाववाल्यांना सांगताना 'डोंगा' म्हणणंही सोडलं.

अर्जासाठी मोटरचा नंबर आणि अश्वशक्ती हवी होती. एका मोटरचा कागद सापडला. मोठ्या बाबांनी ती कुठल्याशा लिलावातून घेतली होती आणि पावतीवर लिहिलं होतं, 'भंगार, मिश्र, ३८ किलो.' दुसरीच्या क्लॅम्पजवळ नंबराची पत्री होती, पण तिच्यावर काळा थर. आमचं भंडारा पितळी भांड्यांचं गाव, चिंच घरात कायम भिजलेली. मी चिंचेने ती पत्री अशी लखलखीत घासली की थर गेला आणि त्याच्याबरोबर शेवटचे दोन आकडेही गेले. उरलेल्यात एक तीन होता की आठ, यावर घरात दोन पक्ष पडले.

राहिली अश्वशक्ती. मोटर चालू करून पाहिल्याशिवाय 'यंत्र चालू स्थितीत : होय' असं लिहायला माझा हात धजेना. मग शेतातले पंप दुरुस्त करणारा एक पोरगा बोलावला. त्याने अंगणात टिपाड मांडलं, काठोकाठ पाणी भरलं, मोटरचा पंखा पाण्यात सोडून क्लॅम्प काठाला आवळला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं. दोरी मी ओढणार, असा माझा आग्रह. ओढली. काही नाही. ओढली. खांद्यातून कट्ट आवाज आला, मोटरमधून नाही. पोरगा म्हणाला, "काका, गिअर न्यूट्रलमंदी हाय का?" मी म्हटलं, हो. आणि पुढच्या हिसक्याला ती लागली.

गिअर पुढचा होता. टिपाडातलं पाणी एकदम उभं राहिलं आणि भिंतीपलीकडे गेलं. तिथं शेजारच्या वहिनींचे तांदळाचे पापड वाळत होते. निळ्या धुरात मला काही दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. टिपाडाचा काठ वाकून मोटर माझ्याकडे तोंड करू लागली, तसा पोरगा पेट्रोलची नळी उपटून बाजूला झाला. अर्जात मी लिहिलं, 'होय.'

आता प्रश्न डोंग्यांचा. मोठ्या बाबांच्या ट्रंकेत आजोबांच्या नावाची घाटठेक्याची एक पावती निघाली, १९५५ सालची. मला कोण आनंद झाला. पण शिक्का 'मध्यप्रदेश शासन'! खरंच आहे, भंडारा तेव्हा मध्यप्रदेशात होता, १९५६ ला मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्रात. घाट तोच, डोंगा तोच, नदीही तीच. ज्या शासनाने पैसे घेतले ते मात्र भोपाळला निघून गेलेलं. शिवाय घाटाच्या त्या पावतीत डोंग्याचा शब्दसुद्धा नव्हता.

मग साक्षीदार. पुनर्वसनातल्या एका ढिवर आजोबांकडे गेलो. त्यांना म्हटलं, हा डोंगा कोणाचा ते पंचांसमोर सांगाल का? ते बघतच राहिले. "डोंग्याले कायचा कागद बाप्पा? याच्यात बसूनच तं तुहा बाप शाळेत गेला." हे मी शपथपत्रात घालायला निघालो, तर टंकलेखक म्हणाला की बापाचा शाळा सोडल्याचा दाखला लागेल.

शेवटी नियमाप्रमाणे सर्व वारसांना पत्रं पाठवली आणि ग्रामपंचायतीत नोटीस लावली : कोणाची हरकत असल्यास लेखी कळवावी. नागपूरच्या चुलतभावाने कळवली. रागारागात लिहिलेली दोन पानं. 'आमचे मोठे बाबा यांच्या मालकीचे लाकडी डोंगे दोन व मोटरी दोन, या माझ्या देखत त्यांनी स्वतः वापरल्या असून, त्यावर अर्जदाराचा एकट्याचा हक्क नाही.' खाली सही, तारीख आणि वर आवक क्रमांकासह गोल शिक्का.

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मोठ्या बाबांची मालकी सांगणारा जगातला पहिला कागद! माझ्याविरुद्ध होता, पण शिक्का काय सुरेख उठला होता. मी लगेच साक्षांकित प्रत काढून घेतली आणि भावाला आभाराचा फोन केला. तो आधी घाबरला. वाटलं, वकील लावला.

एवढ्यात नागपूरच्या त्या गृहस्थांनी फायबरच्या नव्या बोटी आणल्याही होत्या, बिलासकट. तेव्हा आम्ही भावाभावांनी आपसातच वाटणी केली. डोंगे मला, मोटरी त्याला. त्यामुळे कायद्याचा पेचही सुटला, कारण बिनमोटरीचा डोंगा हे यांत्रिक जलयान नाही आणि बिनडोंग्याची मोटर हे तर जलयानच नाही. ग्रामपंचायतीने माझ्या दोन्ही डोंग्यांची नोंद घेतली, 'किरकोळ' या सदरात, एका जुन्या सतरंजीच्या खाली.

परवा भावाचा फोन आला. त्याने मोटरी दुरुस्त करून घेतल्यात, दोन्ही मस्त चालतात म्हणे. आता त्याला त्या लावायला डोंगा पाहिजे, भाड्याने. मी म्हटलं, घरचाच आहेस, घेऊन जा. तर म्हणतो, "नाही भाऊ, असं नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा पाहिजे. आणि डोंग्याचे मूळ कागद जोड."